तयार किल्ला मिळेल

आमच्या सोसायटीचा नोटीस बोर्ड मी सहसा वाचत नाही. त्यावर थकबाकीदारांची यादी असते, आणि बँकेत दिवसभर तेच वाचून घरी येणाऱ्या माणसाला जिन्यापाशी पुन्हा तेच वाचण्याची हौस उरत नाही. पण २०२५ च्या दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी बोर्डासमोर पाचसहा पोरं घोळका करून उभी होती. पोरं नोटीस वाचताहेत म्हणजे मामला गंभीर असणार, म्हणून मीही भाजीची पिशवी खाली ठेवून चष्मा पुसला.

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिल्याचे औचित्य साधून यंदा दिवाळीत सोसायटीतर्फे तयार किल्ला (४ फूट बाय ३ फूट, वॉशेबल) आणण्याचे योजिले आहे. सबब कोणीही कंपाउंडमध्ये माती, विटा, गोणपाट इ. आणू नये. पेव्हर ब्लॉक खराब होतात.’

वॉशेबल! वाचकहो, ज्या मुलखातल्या किल्ल्यांनी औरंगजेबाला पंचवीस वर्षं दक्खनमध्ये झुलवलं, परत दिल्ली म्हणून पाहू दिली नाही, त्यांची आठवण आता आम्ही ओल्या फडक्यानं पुसून माळ्यावर ठेवणार! मी तिथल्या तिथे ठरवलं, की सर्वसाधारण सभेत या विषयावर बोलायचं. सोसायटीच्या सभेत मी आजवर एकदाच बोललो होतो, ‘पंखा जरा वाढवा’ म्हणून. यावरून माझ्या संतापाची कल्पना यावी.

आता या विषयावर बोलायचा मला अधिकार काय, ते आधी सांगतो. मी पोदारचा बी. कॉम. बँकेत कारकून. हल्ली आम्हांला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. पगाराच्या स्लिपेवर नाव लांबलं, आकडा होता तिथेच आहे. वय पंचेचाळीस. विडी-काडी नाही, पत्ते नाहीत. सौ. पाहुण्यांना माझी ओळख करून देते ती अशी: ‘ह्यांना तसं कसलंच व्यसन नाही हो, फक्त ठोकळे.’ ‘फक्त’ या शब्दावर ती जो जोर देते, त्यापेक्षा दारूचं व्यसन बरं वाटावं.

ठोकळे म्हणजे लेगोचे. माझ्या ठोकळ्यांचा मूळपुरुष १९८८ साली मस्कतहून माटुंग्याला आला. मावशीचे यजमान तिकडे नोकरीला होते. त्यांची बॅग उघडली की आधी टँगचा डबा निघायचा, मग साबण, मग सेंटची बाटली. त्या वर्षी तळाशी एक भलंमोठं खोकं निघालं. त्यावर करड्या रंगाचा किल्ला, उचलता पूल, घोडेस्वार आणि भालेवाले शिपाई. ‘किंग्ज कॅसल’, कंपनीनं १९८४ साली काढलेला. एकूण नग ६७४. मी आठ वर्षांचा होतो. चाळीतल्या पोरांत माझा भाव त्या दिवशी जो वधारला, तो पुढे बी. कॉम. होऊनही पुन्हा कधी वधारला नाही.

या जुन्या थीमवर माझा जीव का, ते नीट समजून घ्या. १९७८ साली लेगोनं हातपाय हलणारी छोटी माणसं काढली आणि त्यांच्यासाठी तीन जगं काढली: गाव, किल्ला आणि अंतराळ. एवढंच. गावात काय घडतं, किल्ल्याचं भांडण कुणाशी, अंतराळात कशाला जायचं, याबद्दल कंपनीनं फारसं तोंड उघडलं नाही. शिवाय सगळ्या माणसांना चेहरा एकच: दोन ठिपके आणि एक हसू. राजा तसाच हसायचा, पहारेकरी तसाच, आणि ज्याचं मुंडकं आम्ही नुकतंच उपटलेलं असायचं तोही तसाच हसायचा. राग, भीती, कपट हे सगळं आम्ही पदरचं घालायचो. पुढे १९८९ साली चाचे लोकांची थीम आली, तेव्हा डोळ्यावर पट्टी, हाताला आकडा, लाकडी पाय आणि दाढीमिशा आल्या. कोण दुष्ट ते चेहऱ्यावरून कळू लागलं. माझ्या मते उतरण तिथूनच लागली. बँकेत वीस वर्षं काउंटरवर बसलेला माणूस सांगेल, की चेहऱ्यावरून काही कळत नसतं.

मग १९९९ साली ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन सिनेमाचे ठोकळे आले, आणि त्यामागून इतर सिनेमांची रांग लागली. आता खोक्यातल्या प्रत्येक माणसाला नाव आहे, हत्यार आहे, बाप कोण तेही ठरलेलं आहे. त्या सिनेमात तर बाप कोण हाच सगळा घोटाळा आहे. पोरानं करायचं काय? पुस्तिकेप्रमाणे पिशवी नंबर एक फोडायची, मग दोन, मग तीन, आणि झालं की फळीवर ठेवायचं. हे आम्ही बँकेत रोज करतो. त्याला खेळ म्हणत नाहीत, त्याला व्हाउचर पास करणं म्हणतात.

आता धंद्याची बाजू मी बँकवाला म्हणून मान्य करतो. २००३-०४ च्या सुमाराला ही कंपनी बुडायच्या बेतात आली होती. माणसाला पोट आहे तसं कंपनीलाही आहे. पण म्हणून मूळ गोष्ट विसरायची का? डोक्यावर आठ बटणं असलेले, एकाच रंगाचे सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांत किती तऱ्हांनी बसवता येतात, याचा गणितज्ञांनी हिशेब केला आहे. ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५! नुसत्या सहा ठोकळ्यांत! आमच्या शाखेत सहा माणसं आहेत आणि त्यांना बसवायची तऱ्हा एकच आहे. ती हेड ऑफिसातून येते. ज्या खेळात नव्वद कोटींवर वाटा आहेत, त्यात पोराला एकच वाट दाखवायची आणि तिचे जास्त पैसे घ्यायचे, याला काय म्हणावं?

आणि माझ्यासारख्यांची कीव येऊन कंपनीनं २०२२ साली, आपल्या नव्वदीच्या निमित्तानं, जुना किल्ला नव्यानं काढला. नग ४५१४. खोक्यावर वयोमर्यादा छापलेली: अठरा वर्षांवरील. पूर्वी ‘फक्त प्रौढांसाठी’ असं सिनेमाच्या पोस्टरवर असायचं आणि त्याखाली काहीतरी बघण्यासारखं असायचं. आता ते खेळण्यावर असतं. आमचंच बालपण आम्हांलाच विकायला काढलं, आणि तेही पोरांना वगळून!

पण मातीच्या किल्ल्याशी याचा संबंध काय? फार आहे. खरं म्हणजे मातीचा किल्ला हाच आमचा मूळचा ठोकळ्यांचा खेळ.

तेव्हा इथे चाळ होती आणि चाळीपुढे मातीचं अंगण होतं. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की आम्ही दप्तर कोपऱ्यात फेकून घमेलं उचलायचो. फुटक्या विटा, नारळाच्या करवंट्या, मोडका पाट रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, त्यावर लाल माती लिंपायची, आणि मोहरी नाहीतर आळीव पेरायचा. माथ्यावर सिंहासनावर महाराज. खाली धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, गवळण, विहीर, गुहेत वाघ. वाघ नेहमी मावळ्याच्या दुप्पट असायचा, कारण तो वेगळ्या साच्यातला.

आणि हे माटुंगं आहे, बरं का. समोरच्या बिऱ्हाडात मामी राहायच्या, तंजावरकडच्या. नवरात्रात त्यांच्याकडे गोलू मांडलेला असायचा: सात पायऱ्या, प्रत्येक पायरीवर बाहुल्या, आणि बाजूला परातीत मोहरी उगवून केलेली छोटी बाग. दसरा झाला की बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत जायच्या. त्यातली एक-दोन मंडळी मामी आम्हांला दिवाळीपुरती उसनी द्यायच्या, आणि उरलेली मोहरीसुद्धा. त्यामुळे आमच्या रायगडाच्या पायथ्याशी पोट सुटलेल्या चेट्टियार वाण्याचं दुकान असायचं, बायको शेजारी बसलेली, पुढे डाळ-तांदळाच्या राशी. आजवर एकाही इतिहासकारानं त्यावर हरकत घेतलेली नाही. गडाला किराणा लागतोच.

ठोकळ्यांचा किल्ला घरी आल्यावर पहिल्याच दिवाळीत मी शहाणपणा केला. रायगडाला समोर ऐसपैस दरवाजा केला, त्या खोक्यावरच्या चित्रात होता तसा. वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. कामावरून आले, हातातला डबा खाली ठेवला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “हत्ती आणलास की सरळ आत.” एवढंच बोलून आंघोळीला गेले. डिसेंबरात त्यांनी एका रविवारी मला एसटीनं रायगडाला नेलं. चढताना दम लागला होता आणि मी सारखा विचारत होतो, “दरवाजा कुठाय?” दरवाजा दिसेचना. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात शिरलो तेव्हा एकदम अंगावर आला. वडील म्हणाले, “आता सांग, हत्तीनं धाव कुठून घ्यायची?”

पुढच्या दिवाळीत मी माझा दरवाजा पायानं मोडला आणि एका संध्याकाळीत वळणाचा केला. मातीला मोडायला परवानगी लागत नाही. त्या आनंदात ठोकळ्यांच्या किल्ल्यातला एक भालेवाला शिपाई, तोच तो हसऱ्या तोंडाचा, मी महादरवाज्यावर पहाऱ्याला उभा केला. भाऊबीजेनंतर किल्ला मोडला, माती पसरली, आणि शिपाई काही सापडला नाही. तेव्हापासून माझा किल्ला ६७३ नगांचा आहे. चाळ पडली, बिल्डिंग झाली, अंगणावर आधी फरशी आली, मग पेव्हर ब्लॉक. शिपाई खाली कुठेतरी पहाऱ्यावर असेल.

तर सभा. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी आपली बाजू मांडली, आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. माती गटारात जाते. गाड्यांच्या टायरांना लागते. पोरांना क्लासमुळे वेळ नाही. शिवाय तयार किल्ला दिसायला झकास, दरवर्षी वापरता येतो, म्हणजे भांडवली खर्च. त्यांनी दादरच्या बाजारातल्या एका किल्ल्याचा फोटो फिरवला. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, वर हिरवा रंग, चारी बाजूंना सारखे बुरुज. हा कुठला गड, असं कोणीतरी विचारलं. “कुठलाही,” सेक्रेटरी म्हणाले, “नावाची पाटी बदलता येते.”

मी उठलो.

“सभासदहो,” मी म्हटलं, “पाटी बदलून राजगडाचा सिंधुदुर्ग होत नाही! एक डोंगरावर आहे, एक समुद्रात आहे. राजगडाला तीन माच्या आहेत. त्या मातीत थापताना पोराला कळतं की मधला बालेकिल्ला एवढा उंच का. तयार किल्ल्याला हात लावायचा नाही, मग कळणार कसं? आपण पोरांना बांधायला शिकवत नाही, बघायला शिकवतो. बघणारे पुष्कळ झालेत. युनेस्कोनं दर्जा दिला तो ज्यांनी बांधलं त्यांच्या कामाला, ज्यांनी विकत आणलं त्यांच्या पावतीला नव्हे!”

असा मी वीस मिनिटं बोललो. मला स्वतःलाच माझं आश्चर्य वाटत होतं. लेगो सांगितलं, औरंगजेब सांगितला, ९१ कोटींचा आकडा तोंडपाठ म्हणून दाखवला. शेवटी तर एक गृहस्थ रुमालानं डोळे पुसताना दिसले. त्यांना सर्दी होती हे नंतर कळलं. टाळ्या पडल्या. मी खुर्चीकडे वळणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“काका, एक विचारू?”

मामींची नात मीनाक्षी. वय वर्षं दहा. मामी आता ऐंशीच्या घरात आहेत आणि नातीचा हात धरून सभेला येतात.

“विचार ना, बाळ.”

“तुमच्या कपाटात तो ठोकळ्यांचा किल्ला आहे ना, तो तुम्ही शेवटचा कधी मोडला?”

“तो... तो मोडत नाही मी.”

“आम्हांला हात लावू देता?”

“जुना आहे ना बाळ तो. तसे आता मिळत नाहीत.”

“मग तोपण तयार किल्लाच झाला ना?”

गच्ची हसली. सेक्रेटरी सगळ्यांत मोठ्यांदा हसले. सौ. हसली नाही, तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं. मी खाली बसलो. पंखा वाढवायची फार गरज वाटत होती, पण गच्चीवर पंखा नव्हता.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी काचेचं कपाट उघडलं. गेली कित्येक वर्षं मी त्या कपाटाला ऊन लागू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेत होतो. धूळ झटकायला मऊ ब्रश आणला होता. सौ.च्या भाच्यानं एकदा काचेला बोट लावलं तेव्हा मी असा काही ओरडलो होतो, की तो पुन्हा आमच्याकडे राहायला आला नाही. कंपनीला मी नावं ठेवतो, की तिनं पोरांना वगळलं. निदान तिनं खोक्यावर तसं छापलं तरी. मी न छापताच ते केलं. खोलीतल्या अंधारात ६७३ नग रांगेनं उभे राहून हसत होते. खऱ्या अर्थानं खेळला होता तो एकच, जो हरवला.

तयार किल्ल्याबद्दल मी जे बोललो त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फक्त ते बोलायचा अधिकार आपण कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता, एवढं त्या रात्री कळलं. जुन्या थीमचं प्रेम म्हणून आम्ही जे मिरवतो, ते पुष्कळदा जुन्या खोक्याचं प्रेम असतं. पोरांना मोकळेपणी खेळू द्यायचं असेल, तर आधी आपल्या वस्तूची मोडतोड सोसायला हवी. वडिलांनी मला दरवाजा कसा करायचा हे सांगितलं नाही. मी चुकीचा केला तो चालवून घेतला आणि रविवारची सुट्टी खर्च केली.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे गेलो. सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे तोडगा निघाला: तयार किल्ल्याचा ठराव ‘विचाराधीन’, पाहुण्यांच्या पार्किंगची एक जागा पोरांना आठ दिवसांसाठी, खाली ताडपत्री घालून, साफसफाईची जबाबदारी माझी, तशी लेखी हमी. आयुष्यभर लोकांकडून हमीपत्रं घेतली, पहिल्यांदा स्वतः दिलं. माती आता नर्सरीत पोत्यानं विकत मिळते. पाच पोती लाल माती मी टॅक्सीतून आणली, आणि टॅक्सीवाल्याचं बोलणंही ऐकून घेतलं. मामींनी मोहरी दिली, वर चेट्टियार दिला, त्याची बायको दिली, आणि पेटीतला लाकडी हत्ती दिला.

मग मी तो किल्ला घरी परातीत मोडला. पहिला ठोकळा निघता निघेना. इतकी वर्षं एकमेकांना धरून बसलेले. ताड्‌ असा आवाज झाला आणि माझ्या पोटात कालवलं. सौ. शेजारी येऊन बसली. “द्या इकडे,” म्हणाली आणि बुरुज सोडवायला लागली.

पोरांनी राजगड करायचा ठरवला. तीन माच्या झाल्या, बालेकिल्ला झाला. करड्या ठोकळ्यांचा तट झाला; एका माचीवर हेलिकॉप्टर उतरायची जागा झाली, आणि पायथ्याला, चेट्टियारच्या दुकानाशेजारी, मेट्रोचं स्टेशन. दरवाजा मात्र समोर, ऐसपैस. मी तोंड उघडलं. मीनाक्षीनं तोंडावर बोट ठेवलं, “काका, थांबा.” मी थांबलो. दुसऱ्या दिवशी एका पोरानं आजीचा हत्ती लांबून धावत आणला आणि दरवाज्यावर घातला. तट आडवा झाला. पोरं आधी हसली, मग वाद घालायला लागली. संध्याकाळी मी बँकेतून आलो तेव्हा दरवाजा समोरून नाहीसा झाला होता. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात बोट घालून बघावं तेव्हा सापडत होता.

मी डबा खाली ठेवला, वाकून पाहिलं आणि काही न बोलता आंघोळीला गेलो.

भाऊबीजेनंतर किल्ला मोडला. लेखी हमीप्रमाणे मी ताडपत्री आणि आजूबाजूचे पेव्हर ब्लॉक धुतले. ठोकळे बादलीत खळबळून घेतले, वर्तमानपत्रावर वाळत घातले आणि मोजले. भरले ६६२. दोनदा मोजले. अकरा नग कमी. बँकेत फरक सापडला नाही तर तो सस्पेन्स खात्यात टाकतात. मीही डायरीत तसा टाकला.

आठवड्यानं बोर्डावर नोटीस लागली: ‘कंपाउंडमध्ये सापडलेले प्लास्टिकचे तुकडे (नग ३) ऑफिसात जमा आहेत. संबंधितांनी ओळख पटवून घेऊन जावेत.’

संबंधित अजून गेलेला नाही.